पोटावरच्या रेघा

लेक सहा महिन्यांची असताना सासूबाई मला सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेल्या. कातडीचं काहीही असो, तिथं जातं, असं आमच्या महाडकडे सगळेच मानतात. गरोदरपणात कातडी ताणली जाऊन माझ्या पोटावर उमटलेल्या जांभळट रेघा महागडं क्रीम चोळूनही हटल्या नव्हत्या.

बायकांच्या कुंडात कापडे गावची एक बाई गळ्यापर्यंत बुडून बसली होती. मी उतरले तसा माझा पदर पाण्यावर तरंगला आणि लपवलेलं सगळं तिला दिसलं. ती खळखळून हसली.

"ह्यो रोग हाय का गो, जायाला? फिकं पडंल. जायाचं नाय."

मग तिने आपलं ओलं लुगडं सरकवलं. तिच्या पोटावर जुन्या, रुपेरी रेघा होत्या. निजलेल्या पोराला थोपटावं तशी ती त्या थोपटू लागली.

"पोरं समदी मुंबयला. ह्या तेवढ्या माज्यापाशी ऱ्हायल्या."

तेव्हा मला नुसतं हायसं वाटलं होतं.

काल लेकीला पुण्याला हॉस्टेलवर सोडून आले. घरी आंघोळ करताना हात पोटावर गेला आणि आपोआप थोपटू लागला. कसं थोपटायचं, ते त्या बाईने केव्हाच शिकवून ठेवलं होतं.