आजार शुभासोबत गेला नाही

शुभाच्या धाकट्या भावाचा, किरणचा, फोन आला तेव्हा मी गेवराईच्या बसस्टँडवर उभी होते. "शुभाताई गेली," एवढंच तो म्हणाला. मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठं?" आदल्याच आठवड्यात अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिला रक्त चढवताना मी शेजारी बसले होते. नर्सबाईंना ती बजावत होती, "भांडकुदळाचं रक्त न्हाई ना हे? माझी मैत्रीणच लई भांडते, तेवढी एक पुरे." इतकी वर्षं तिला जगवणाऱ्या त्याच रक्तातून लोह साचत गेलं आणि त्यानं तिचं हृदय थांबवलं.

शुभांगी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिला थॅलेसेमिया होता, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार; दर महिन्याला रक्त चढवावं लागायचं. तिच्या आईनं, म्हणजे काकूंनी, सख्ख्या आत्याच्या मुलाशी लग्न केलं होतं. घरातलीच सोयरीक, त्यामुळे पत्रिकासुद्धा कुणी पाहिली नाही. पण लेक आजारी निघाल्यावर बोल मात्र काकूंनाच लागले. शुभाला ते सहन व्हायचं नाही. आम्ही दोघी रक्ततपासणीची पत्रकं वाटत गावोगाव फिरायचो, तेव्हा बायकांच्या घोळक्यात बसून ती मनगटातल्या दोन बांगड्या दाखवायची. "एक आईनं दिलेली, एक बापानं. दोघांकडंही अशा दोन-दोन असतात, लेकराला एकेकच देतात. दोघांकडं एक पिचकी, एक धड. धड हाय म्हणून आईबाप ठणठणीत, पिचकीचा पत्ताच न्हाई. पण दोघांनीही पिचकीच दिली, की माझ्यासारखं." एका आजीनं विचारलं, "चारात एक असं होतं म्हणतीस. मग एक झालं, की बाकीची तीन सुटली ना?" "न्हाई आजी, दर खेपेला डाव नव्यानं." परतताना ती मला म्हणाली, "माझ्या आईबापानं लग्नाआधी तपासलं असतं, तर मीच नसते बघ." आणि थोड्या वेळानं, "तरी तपासाच म्हणणार मी. ही सुई दुसऱ्या कुणाच्या नशिबी नको."

तेराव्याला जेवणं उरकली. शुभाच्या फोटोला हार होता. तिचे मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "वर्षाच्या आत कार्य केलं न्हाई तर तीन वर्षं थांबावं लागंल. किरणचं अन् आमच्या रोहिणीचं उरकून टाकू." माझा कानांवर विश्वास बसेना. "मामा, आधी दोघांचं रक्त तपासा," मी म्हणाले. "आता कावून? ज्याला आजार होता ते लेकरू गेलं. पीडा टळली. अन् किरण बघा की, बैलावानी हाय!" लोकांनी माना डोलावल्या. म्हणजे शुभा मेल्यामुळे घर निरोगी झालं होतं! "आजार तिच्यासोबत जळला नाही," मी ओरडले, "तो तुमच्या सगळ्यांत वाटलेला आहे!" कुणीतरी म्हणालं, "पत्रकं वाटून वाटून डोकं फिरलंय पोरीचं." तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून रोहिणीच म्हणाली, "बाबा, सुईच टोचायचीय ना, मान थोडीच कापायचीय? मी जाते."

रिपोर्ट आले. दोघंही वाहक. दोघंही हसतीखेळती, धडधाकट... आणि दोघांच्याही रक्तात एकेक पिचकी बांगडी. काकूंकडं जेवायला बसलेले मामा म्हणाले, "कागदावर कुठं संसार असतो?" आजवर भावापुढं शब्द न काढलेल्या काकू तेव्हा उभ्या राहिल्या. "दादा, एक लेकरू वाढवलं अन् माझ्याच डोळ्यांदेखत जाळलं. ही सोयरीक होणार न्हाई." मामा ताटावरून उठून गेले. किरण खाली मान घालून बसला होता. रोहिणी त्याला म्हणाली, "आता दादाच म्हणंन तुला. राखीला साडी लागंल, चांगली." तिला चेहऱ्यावर हसू आणायचं होतं, ते आलं नाही.

शुभाच्या उशाशी अंगातलं लोह काढणाऱ्या औषधाचा छोटा पंप अजून आहे. दवाखान्यात रक्त चढवायला येणाऱ्या एका लहान मुलीला तो द्यायचं ठरलं. परवा मी न्यायला गेले, तर काकूंनी तो हातातून सोडला नाही. पदरानं पुसत राहिल्या. "मीच नेऊन देते," म्हणाल्या. "त्या पोरीच्या आईला पुन्हा दिवस गेलेत. डाव पुन्हा नव्यानं. मला तिच्याशी बोलायचं हाय."