नकाराची तालीम

माझ्या बायकोच्या भावाच्या साडूंइतक्या निगुतीनं 'नाही' म्हणणारा माणूस आमच्या शहरात दुसरा झाला नाही. हे नातं म्हणजे खरं तर काहीच नातं नाही. तसं मी एकदा सुचवून पाहिलं, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघत "नाही, आहे," एवढंच म्हणून माझा अर्ज निकालात काढला. एका कॉलेजच्या ऑफिसात त्यांनी तीस वर्षं खिडकीमागं काढली. निवृत्त होताना लोक घड्याळ, शाल, नारळ घेऊन घरी येतात. साडूसाहेब ती खिडकीच मनात घालून घेऊन आले. बायकोनं जेवायला वाढू का विचारलं तर "बघू" म्हणतात. घरच्या मांजरीलासुद्धा दोन हेलपाटे घातल्याशिवाय दूध मिळत नाही. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या भाच्याला त्यांनी "दुसरी प्रत कुठंय?" असं विचारलं होतं आणि तो बिचारा खरोखरच दुसरी आणायला गेला. औरंगपुऱ्यात भाजी घ्यायला निघालेला हा गृहस्थ वाटेत कुठलीही जाळीची खिडकी दिसली की आत डोकावतो, आतल्या माणसाचं काम दोन मिनिटं निरखतो आणि "फार पटकन देतात हल्ली," असं हळहळत पुढं जातो. त्यांना भेटून आलं की मी दुपारचा दोन तास झोपतो. साधा कंटाळा नव्हे तो. सरकारी कामाला जाऊन आल्यावर अंगात उतरतो तसला, हाडाचा शीण.

अशा माणसाकडं एका शाळेतल्या बाई मदत मागायला आल्या, हेच मुळात नवल. ज्या मुलांना डोकं असतं पण लिहिणं-वाचणं जमता जमत नाही, अशांना त्या शिकवायच्या. शाळेत अशा मुलांना पेपर वाचून दाखवतात, लेखनिक देतात, वेळ वाढवून देतात, आणि सगळ्या मास्तरांना ते ठाऊक असतं. दहावी झाली की पोरगं कॉलेजात जातं आणि तिथं कुणालाच काही ठाऊक नसतं. सवलत कागदावर असते, पण ती ज्याची त्यानं तोंड उघडून मागावी लागते. वैजापूरचा एक हुशार मुलगा आदल्या वर्षी खिडकीपाशी गेला, मागं रांग बघून गप्प राहिला, लेखनिकाशिवाय परीक्षेला बसला, नापास झाला आणि आता बाजार समितीत कांद्याच्या गोण्या मोजतोय. हे सांगताना बाईंचा आवाज थकलेला होता. साडूसाहेबांनी सुपारी कातरता कातरता सगळं ऐकलं आणि म्हणाले, "त्याला नकार ऐकायची सवय नव्हती. पुढच्या पोरांना माझ्याकडं पाठवा. एकूण एक नकार माझ्याकडं आहेत."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी तालीम सुरू झाली. स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधे चहाचे कप द्यायला एक खिडकी आहे. तिच्यामागं साडूसाहेब जुना बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसत, मे महिन्यातसुद्धा. बायकोला अर्ध्या ओट्यावरून बेदखल केलेलं असे. बाहेर विद्यार्थी, आणि विद्यार्थ्याच्या मागं मी. त्या नाटकात माझी भूमिका रांगेची होती. संपूर्ण रांगेची. मी मागून ढकलायचो, खोकायचो, "ओ ताई, आवरा, आम्हाला वैजापूरची गाडी धरायचीय," असं ओरडायचो. मला ते काम इतकं आवडलं की साडूसाहेबांनी मला दोनदा समज दिली. आतून ते एकेक नकार काढत. साहेब मीटिंगला गेलेत. ही सही कुणाची? झेरॉक्स नाही. उद्या या. बाजूच्या खिडकीत विचारा. (बाजूची खिडकी न्हाणीघराची होती आणि पोरांना तिथं जाऊन खरोखर विचारून यावं लागे.) अगदी रंगात आलं की ते 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावून घेत आणि सकाळी साडेदहाला पोहे खायला बसत. पोरानं हटायचं नाही, रडायचं नाही, आवाज चढवायचा नाही; फक्त शेवटी "नियम आहे साहेब, लेखी नकार द्या," असं म्हणायचं, की तालीम पास. तास संपला की ते भिंतीला टेकून डोळे मिटत. नाही म्हणायला लागणारं बळ उरलं नाही आता, असं एकदा पुटपुटले.

कागदांचीही त्यांची एक युक्ती होती. घाईत पाकिटावरची नावं वाचता येत नाहीत म्हणून त्यांनी शिंप्याकडून चिंध्या आणल्या आणि प्रत्येक पाकिटाला निराळं कापड चिकटवलं. हॉस्पिटलच्या दाखल्याला रेशमी, वेलबुट्टीच्या हिमरूचा तुकडा, रहिवासी दाखल्याला मांजरपाट, गुणपत्रिकेला गोणपाट. मार्कांना गोणपाटच शोभतं, असं त्यांचं मत. पोरं बोटांनी चाचपून बरोबर कागद काढत.

त्या वर्षी देवगाव रंगारीची नसरीन आली. बाप सायकल दुरुस्त करायचा. ऐकलेलं सगळं तिच्या लक्षात राही, पण अर्धं पान वाचताना ती घामाघूम होई. बापानं एकच वर्ष दिलं होतं. लेखनिक मिळाला नाही आणि ती नापास झाली, तर गावी परत. पहिल्या रविवारी ती खिडकीपाशी उभी राहून नुसती पाकिटं चाचपत राहिली. दुसऱ्या रविवारी मी ढकललं तेव्हा मागं वळून म्हणाली, "चाचा, धक्का नको मारू, लई लागतं." चौथ्या रविवारी तिनं साडूसाहेबांना 'जेवणाची सुट्टी'ची पाटी उलटी करायला लावली. ते आतून इतके खूश झाले की नाही म्हणायचंच विसरले.

मग खरा दिवस आला. कॉलेजच्या व्हरांड्यात रांग होती, ऊन होतं, पंखा बंद होता. साडूसाहेब आणि मी एका खांबाआड उभे. आत एक तरुण बाई होत्या. नसरीननं न बघता हिमरूचं पाकीट काढलं आणि दाखला पुढं सरकवला. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "बस ना तू. फॉर्म मी वाचून दाखवते. लेखनिकाचा अर्जही आत्ताच लिहून टाकू."

नसरीन म्हणाली, "नियम आहे मॅडम."

"हो, आहे ना."

"तुम्ही नाही म्हणू शकत नाही."

"मी कुठं नाही म्हणतेय?"

"मग लेखी द्या," नसरीन म्हणाली, आणि रांग हसली. ही रांग माझ्यासारखी नाटकी नव्हती, खरी होती. नसरीनचा चेहरा पडला. पाच रविवार तिनं पाठ केलेलं सगळं संपलं होतं आणि पुढं काय बोलायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. ती दाखला उचलून परत फिरेल असं मला वाटलं. साडूसाहेबांनी माझा दंड घट्ट धरला होता. मग ती हळूच, स्वतःच्याच शब्दांत म्हणाली, "मॅडम, डोकं चालतं माझं. पर पढ़ने को लई देर लगती. थांबाल ना?" बाईंनी खुर्ची पुढं ओढली. रांगेनं पाऊण तास वाट पाहिली, कुरकुरत, घाम पुसत. पण अर्ज झाला, शिक्का बसला.

पुढच्या रविवारी नवा विद्यार्थी यायच्या आधी त्यांनी मला बोलावलं. होकाराचीही तालीम घ्यायला हवी, म्हणाले. स्वेटर घालून खिडकीमागं बसले आणि "बस बेटा," असं म्हणून पाहिलं. जमलं नाही. आवाज असा निघाला, की मांजर उठून गेली. आणखी दोनदा पाहिलं, मग स्वेटर काढला आणि म्हणाले, तुम्ही बसा आत.

मी आत बसलो. ते बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले. काखेत पिशवी, मान खाली. खिडकीच्या त्या बाजूला मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिथून ते बुटके दिसत होते.

"कन्नडकडचा एक पोरगा आला होता," ते म्हणाले. "खूप वर्षं झाली. म्हणाला, साहेब, तेवढा फॉर्म वाचून दाखवता का? मी म्हणालो, वाचता येत नाही तर कॉलेजात काय काम?"

"मग?"

"मग काय. पुढच्याला बोलावलं."

मग त्यांनी पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला, खिडकीतून माझ्याकडं सरकवला आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "साहेब, तेवढा वाचून दाखवता का?"

रांगेचे सगळे संवाद मला पाठ होते. ते इथं कामाचे नव्हते. "बसा," मी म्हणालो, "सावकाश होऊ द्या." ते बसले. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो, संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, मुक्काम, आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले.