पात्यावरची खोच

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. आज का सांगतोय, तेही नीट माहीत नाही.

पवना धरणाच्या काठाला आमचा कॅम्प आहे. तंबू, जेवण आणि एक मोटरबोट. दादा आणि मी मिळून ती जुनी घेतली होती. बोट चालवायची मी, इंजिन बघायचं मी. मी कामशेतला गॅरेजात हात काळे केलेले, दादाला स्पॅनर कुठला हेही कळत नसे. दोन वर्षं काठावर लोक मला कॅप्टन म्हणायचे. हसू नका — मला ते आवडायचं.

मग संगीतावहिनी माझ्याकडूनच बोट चालवायला शिकली. दादाची बायको, जवळच्याच बेडसे गावची. मला ताप आला म्हणून चार दिवस तिनं बोट चालवली आणि पाचव्या दिवशी मी उभा राहिलो तोवर सगळं बदललं होतं. साडीवर लाईफ जॅकेट घालून ती सुकाणूवर बसायची. वारा कसाही असो, बोट धक्क्याला अशी लावायची की पाणीसुद्धा हलायचं नाही. माझी बोट आजही धाडकन लागते. पुण्यामुंबईची माणसं तिच्याबरोबर फोटो काढायची. एकदा मी चावी घेऊन उभा होतो, तर एक बाई म्हणाली, "ताई केव्हा येतील? आम्ही थांबतो."

थांबतो! मी समोर उभा असताना.

ते मला किती दिवस टोचत राहिलं म्हणून सांगू? वहिनी जेवायला वाढायची, "भाऊजी, अजून एक भाकरी घ्या" म्हणायची, आणि मी तिच्या हाताकडे बघत बसायचो. या हाताला कोणी शिकवलं? मीच ना?

पावसाळ्यात बोट बाहेर काढून चाकांच्या गाड्यावर झाकून ठेवतो. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पहिल्याच गर्दीच्या दिवशी वहिनी बारा माणसं घेऊन गेली, त्यात लेकरं होती. मध्यावर गेल्यावर तिला पायाखाली ओल लागली. बोटीच्या तळात पाणी चढत होतं. तिनं कुणाला घाबरवलं नाही, पंप चालू केला आणि गाणी म्हणायला लावत सगळ्यांना काठावर आणलं. काठावर उतरल्यावर मात्र तिनं लेकरं दोनदा मोजली.

ट्रॅक्टर लावून बोट ओढून घेतली. तळ पुसून कोरडा केला. वहिनी टॉर्च घेऊन आत वाकून बसली आणि मी बाहेरून नळीनं एकेका जागी पाणी मारत गेलो. तळाला मारलं — काही नाही. सांध्यांना मारलं — काही नाही. मागच्या बाजूला आलो तसा तिचा आवाज आला, "भाऊजी, हितनं येतंय! इंजिनापाशी!"

आमच्या बोटीचं इंजिन आत आणि बोट ढकलणारा, वर-खाली करता येणारा पंखा बाहेर, अशी रचना आहे. मागच्या भिंतीला भोक पाडून मधला दांडा जातो. त्या भोकातून पाणी शिरू नये म्हणून दांड्यावर रबराचा भाता असतो, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा घडीघडीचा. मी पंख्याचा सगळा भाग उतरवला. भात्याच्या वरच्या घडीत लांब चीर होती.

चीर बघितली आणि मला लगेच कळलं. दगड लागून रबर असं फाटत नाही. वाकवून ठेवलेलं रबर सुकून असं तडकतं. बोट विकणाऱ्यानं बजावलं होतं — बाहेर ठेवाल तेव्हा पंखा खाली सोडून ठेवा. पण खाली सोडला तर तो जमिनीला टेकत होता. गाड्याखाली चार विटा लावायच्या, एवढंच काम होतं. मी कंटाळा केला. अख्खा पावसाळा तो वर उचललेला राहिला आणि भाता तिथं दुमडून वाळला.

म्हणजे ती बारा माणसं माझ्यामुळं बुडाली असती.

दादा शेजारी येऊन उभा राहिला. "काय झालं रं?"

हे बोलायलाच मी इतका वेळ घेतोय. पंख्याच्या पात्यावर एक जुनी खोच होती, मीच पाडलेली, आधल्या वर्षी. मी त्या खोचेवर बोट टेकवलं आणि म्हणालो, "दगडावर घातलीय. मागं घेताना."

दादानं वहिनीकडे बघितलं. ती खाली उतरली, खोचेवरून अंगठा फिरवला. "पन मला आवाज कसा न्हाई आला?"

"पान्यात कळत न्हाई, वहिनी."

इतक्या मायेनं बोललो मी. आणि आतून — हेही सांगतो — बरं वाटलं. तिचा चेहरा उतरत गेला तसं मला बरं वाटत गेलं.

नवा भाता आणला, चिकटवला, पट्टा आवळला. बोट पाण्यात सोडली, एक थेंब आत आला नाही. लोकांनी माझं कौतुक केलं. मी चावी मुद्दाम वहिनीपुढे धरली. तिनं हात मागे घेतला. "नको भाऊजी. लेकरं हुती बोटीत."

त्यानंतर ती बोटीत पाय ठेवत नाही. कॅम्पाचा सैपाक बघते.

तिची मुलगी अनू आता कॉलेजात आहे. गेल्या उन्हाळ्यात ती आईच्या मागे लागली, मला शिकव म्हणून. वहिनी म्हणाली, "काकाकडनं शिक. माझ्यापायी मानसं मेली असती." अनूला ते पटलं नाही. ती सरळ माझ्याकडे वळली.

"काका, खरंच आईनं दगडावर घातली होती?"

आता खोटं बोलून कुठलं कॅप्टनपण मिळणार होतं? कुणाशी चढाओढ उरली होती? दुपार होती, दादा गावात गेला होता, आम्ही तिघंच होतो. वहिनी भांडं विसळता विसळता थांबली होती. तिला वाटत असेल का, की मी वेगळं काही बोलेन?

"व्हय," मी म्हणालो.

वहिनीनं मान खाली घातली आणि पुन्हा भांडं विसळायला लागली.