हात दाखवा, रिक्षा थांबवा

आम्ही तिघी डोंबिवलीत सायकलने शाळेत जातो. केतकी, ऋतुजा आणि मी. अंतर जेमतेम पंधरा मिनिटांचं, पण तेवढ्यात रोज काहीतरी घडतंच. मधल्या सुट्टीत ते सांगायचं काम केतकीचं. मी फक्त तिच्या चुका मनात दुरुस्त करते. म्हणून आज लिहूनच काढते.

माझ्या सायकलला आईची एक अट आहे. दिवाळीपर्यंत एकही तक्रार आली तर सायकल गॅलरीत आणि मी पहिलीतल्या मुलांबरोबर स्कूल व्हॅनमध्ये! "वर्गात हात वर करत नाहीस तू," आई म्हणाली, "रस्त्यावर काय दाखवणार?"

*

आमच्या पीटीच्या सरांनी मैदानावर चुन्याने रस्ते आखून आम्हाला नियम शिकवले. लाल रुमाल दिसला की थांबायचं. ऋतुजा सगळ्यात हुशार, बरोबर रेषेच्या आत थांबायची.

दुसऱ्या दिवशी ती खऱ्या सिग्नलला तशीच थांबली. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट! शेवटी एक बाइकवाला शेजारी आला आणि काळजीने म्हणाला, "काय गं, चेन पडली का?"

"नाही. लाल आहे."

"हो, पण पोलीस कुठेय?"

*

केतकीचं हेल्मेट घरी कुणाचंही असतं. तिचे बाबा सकाळी घाईत भाजीला निघाले की पिशवी विसरतात आणि दाराशी टांगलेलं हेल्मेट उचलतात.

एकदा शाळेच्या गेटवर तिने हेल्मेट काढलं, तर केसांत मेथीची चांगली दोन-चार पानं! सरांनी पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाले, "डोकं सुपीक दिसतंय."

*

एकदा वन-वेमध्ये समोरून एक स्कूटरवाले काका उलटे आले. मी करकचून ब्रेक दाबला. आमची चाकं एकमेकांना टेकायचीच बाकी होती.

"सॉरी काका," मी म्हणाले.

"ठीक आहे," काका म्हणाले. "पुन्हा नको करूस हं, बाळा."

आणि तसेच उलटे निघून गेले!

केतकी माझ्यावर भडकली. "अगं, तू कशाला सॉरी?"

"सवय."

*

माझी खरी अडचण म्हणजे उजवं वळण. आमच्या सोसायटीकडे वळताना हात बाहेर काढावा लागतो आणि हात काढला की सगळे बघतात. म्हणून मी उतरून सायकल ढकलत न्यायचे. सरांनी ते पाहिलं. "हात पूर्ण लांब कर! लाजायचं ते घरी जाऊन."

दुसऱ्या दिवशी मी हात काढला, अर्धाच. लगेच एक रिक्षा थांबली.

"कुठे?"

मी इतकी गडबडले की सोसायटीचं नाव सांगितलं. रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे.

"ही काय टपावर बांधू?"

*

गेल्या शुक्रवारी मात्र मी ठरवलंच. संध्याकाळी त्याच वळणावर मागे पाहिलं, घंटी वाजवली आणि हात पूर्ण लांब केला. अगदी ताठ!

मागून येणारी शेअर रिक्षा कचकन माझ्या शेजारी थांबली. मागे तीन जण बसलेले.

"चल, पुढे बस! चौथी सीट!" रिक्षावाला ओरडला. मग सायकल दिसली. "अरे, बसायचं नाही तर हात कशाला दाखवते? कोणाची पोरगी आहे ही?"

"माझी," मागच्या सीटवरून आवाज आला.

आई! स्टेशनवरून घरी येत होती.

माझा हात तसाच बाहेर होता. मागे हॉर्न सुरू झाले. मला आमची गॅलरी दिसायला लागली, कुंड्यांसकट.

आईने एकदा माझ्या हाताकडे पाहिलं. मग रिक्षाच्या दांडीवरून स्वतःचा उजवा हात बाहेर काढला, माझ्याहून ताठ, आणि मागच्या सगळ्यांना ओरडून म्हणाली, "थांबा जरा! तिला वळायचंय!"

मी वळले.

पलीकडे पोचून मागे पाहिलं. आईचा हात अजून बाहेरच होता आणि त्या हाताशी दुसरी एक रिक्षा येऊन थांबली होती.

"कुठे जायचंय, ताई?"