सोंगाच्या पाठीमागे

कमलेश नेमकं काय काम करतो, असं गावात, साखरशेतात, कुणी विचारलं की तो हसून सांगायचा, "कंपनीत सोंगं काढतो."

"आन् पगार?" शेजारचा लाडक्या हमखास विचारायचा.

"सोंगाचाच."

"मंग आमी काय येडे, फुकटचे नाचतो ते!"

सगळे हसायचे. पण कमलेशचं उत्तर खोटं नव्हतं. पुण्याच्या ज्या कंपनीसाठी तो जव्हारमधून काम करायचा, तिथे एक प्रोग्राम होता. तो चालायचा साध्या लॅपटॉपवर, पण वागायचा दुसऱ्याच एखाद्या प्रोसेसरसारखा, कारखान्यात अजून तयारही न झालेल्या. कंपनीत त्याला एम्युलेटर म्हणत. गावच्या बोहाड्यात, म्हणजे देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवात, लाकडी मुखवटा चढवला की घरातलाच माणूस देवाच्या चालीने चालू लागतो, तसंच काहीसं. ह्या खोट्या प्रोसेसरच्या भोवती खोटी यंत्रंही असायची, टायमर वगैरे, गिऱ्हाइकाने पाठवलेल्या आराखड्यावरून हुबेहूब उतरवलेली. मग त्यावर चाचण्या चालवायच्या. नियमाप्रमाणे वागतंय की नाही ते बघायचं. सगळ्या ओळी हिरव्या आल्या की गिऱ्हाइकाला दाखला मिळायचा आणि खरं यंत्र बनायला जायचं.

योगिता ही कमलेशची मामेबहीण, त्याच्या पोश्यामामाची मुलगी. इंजिनीअरिंग संपवून ती घरी बसली तेव्हा कमलेशनेच पुण्याला फोन करून सांगितलं होतं, "माझ्यापेक्षा बरी आहे, घेऊन बघा." तेव्हापासून दोघं जव्हारच्या एसटी डेपोजवळ, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत काम करत. दोन टेबलं, एक इन्व्हर्टर, कोपऱ्यात पाण्याचं मडकं. खालून दिवसभर पत्रे कापल्याचा आवाज यायचा.

कमलेशला बघितलं की आधी त्याचे हात दिसायचे. ते कायम कुणाला तरी धरायच्या तयारीत असत. गाडीत शेजारचा म्हातारा पेंगू लागला की ह्याचा खांदा पुढे. कुणाच्या डोक्यावरचा हंडा कलला की ह्याचा हात वर. ही सवय त्याला बोहाड्याने लावली होती. सोंगाचा मुखवटा जड असतो आणि डोळ्यांची भोकं एवढीशी. नाचणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. म्हणून त्याच्या कमरेला शेला बांधतात आणि मागून एक जण तो घट्ट धरून त्याला सावरत नेतो. सोंग पडलं तर गावावर वाईट येतं, असं सगळे मानत. पोश्याच्या घराण्याकडे नरसिंहाचं सोंग होतं. आणि पोश्याचा शेला, मिसरूड फुटायच्या आधीपासून, कमलेश धरत आला होता.

त्या दिवशी कमलेश सकाळीच गावी गेला होता. बोहाडा जवळ आला होता, नरसिंहाच्या मुखवट्याला रंगाचा हात द्यायचा होता. योगिता खोलीत एकटी असताना पुण्याहून मंजुषा मॅडमचा फोन आला. ह्या दोघांच्या टीमच्या त्या प्रमुख. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"दूध गार ठेवायच्या टाक्यांचं ते गिऱ्हाईक आठवतंय? दाखला दिला होता आपण. त्यांनी बोर्ड बनवले, पाच-सहा गावांत लावले. यंत्र झोपतं आणि उठतच नाही. टाक्या बंद, दूध नासलं. लोकांनी ओढ्यात ओतून दिलं गं."

"पण मॅडम, ती चाचणी तर हिरवी आहे."

"तेच तर! बोर्डावर उठत नाही, आपल्याकडे उठतं. म्हणजे आपला टायमर काहीतरी वेगळं करतोय. बघ आणि मला कळव. कमलेशला विचार, त्यानेच लिहिलाय."

योगिताने टायमरचा कोड उघडला. गोष्ट तशी साधी होती. काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला झोपतो. झोपायच्या आधी टायमरला सांगून ठेवतो, अमुक वेळाने घंटा वाजव. नियम असा, की प्रोसेसर स्वतः "ऐकलं" म्हणेपर्यंत घंटा वाजत राहिली पाहिजे. पण ह्या गिऱ्हाइकाच्या आराखड्यातला टायमर एकदाच वाजून गप्प बसत होता. नेमकी डोळे मिटायच्या क्षणी घंटा झाली तर ती ऐकायला कुणी नाही, आणि पुन्हा ती वाजणारही नाही. आराखडा जसा होता तसाच कमलेशने उतरवला होता. म्हणजे चाचणी इथे अडकायलाच हवी होती. लाल व्हायला हवी होती.

मग तिला खालच्या ओळी दिसल्या.

प्रोसेसर बराच वेळ उठला नाही, तर घंटा पुन्हा वाजवावी. हे आराखड्यात नव्हतं. नियमात नव्हतं. कुठेच नव्हतं. कुणीतरी मागून अलगद ढकलल्यासारख्या त्या चार-पाच ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीपुढे लिहिणाऱ्याचं नाव आपोआप उमटलेलं होतं. कमलेश.

आपण चुकीचं वाचतोय असं तिला वाटलं. तिने परत वाचलं. मग त्या ओळी काढून टाकल्या आणि चाचण्या चालवल्या. हिरवी, हिरवी, हिरवी. मग पडदा थांबला. लॅपटॉपचा पंखा तेवढा घुरघुरत राहिला. थोड्या वेळाने एक ओळ लाल झाली. मग दुसरी. झोपेशी संबंध असलेली एकेक चाचणी तिच्या डोळ्यांदेखत आडवी होत गेली. तिने मडक्यातून पाणी घेतलं, पण पेला तोंडाला लावायचं तिला सुचलं नाही.

कमलेश दुपारी आला. बोटांना पिवळा रंग होता. "नरसिंहाच्या मिशा अशा वळवल्यात ना योगी, की हिरण्यकश्यपू बघूनच मरेल," म्हणत त्याने पिशवी टेकवली आणि तिच्या तोंडाकडे बघून थांबला. "काय झालं?"

"दादा, टायमर दुसऱ्यांदा का वाजतो?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. "अगं ते... अडकायचं सारखं. मला वाटलं आपलंच काहीतरी कच्चं राहिलंय. दाखला द्यायचा होता, म्हणून जरा आधार दिला. सावकाश शोधू म्हटलं. मग राहूनच गेलं."

"आपलं कच्चं नव्हतं. ते पडत होतं तेच बरोबर होतं. त्यांचा टायमर एकदा वाजून गप्प बसतो. चाचणी तेच ओरडून सांगत होती, आणि तू..." मग तिने दुधाचं सांगितलं.

कमलेश खुर्चीवर बसला नाही, भिंतीला टेकून खालीच बसला. बराच वेळ तो रंगाची बोटं एकमेकांवर घासत राहिला. "ओतून दिलं?"

"हो."

"सगळं?"

खाली पत्रा कापायचं यंत्र सुरू झालं, बंद झालं.

"ऐक दादा," ती घाईने म्हणाली. ह्या ओळी एम्युलेटरच्या सगळ्यांना सामाईक भागात होत्या, फक्त दुधाच्या गिऱ्हाइकाच्या चाचण्यांत नव्हत्या. त्या लिहिल्यानंतर जो जो दाखला गेला, त्या सगळ्यांच्या खाली त्या होत्या. हे पुण्याला कळलं तर कमलेशची नोकरी राहणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. "मी एवढंच कळवते, की टायमरमध्ये बग होता, काढला. ह्या गिऱ्हाइकाची चाचणी आता लाल येते, ती दाखवते. बाकीच्यांचं कुणी विचारत नाहीये. जुनं कोण उकरणार? आत्याला तुझ्याशिवाय कोण आहे?"

कमलेशने मान वर केली. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं.

"म्हणजे तू पण शेला धरणार."

"तसं समज."

"नको धरू." तो थांबला. "योगी, मामाला दिसत नाही."

"काय?"

"डाव्यानं काहीच नाही. उजव्यानं धुरातनं बघितल्यासारखं. दोन वर्षं झाली."

"काहीतरी बोलू नकोस. मागच्या बोहाड्यात बा नाचला. मी पुढेच उभी होते."

"उभी होतीस. टाळ्या पण वाजवल्यास." कमलेशचा आवाज अगदी खाली गेला. "शेल्याला डावी ओढ दिली की डावीकडे, उजवी दिली की उजवीकडे. दोनदा खेचलं की पायरी. आम्ही तालीम केली होती, माळावर, कुणी नसताना. मामा म्हणाला, कुणाला सांगू नको, सोंग आपल्या घरातनं सुटेल. मी नाही सांगितलं. आणि इतकं चांगलं धरलं योगी, की कुणाला कळलं नाही. नंतर नंतर तर मामालाच वाटायला लागलं, की अजून दिसतंय."

योगिता उभी होती ती तशीच राहिली. दारात गेलं की बा विचारायचा, "कोण?" ती म्हणायची, "कलेक्टर." तो हसायचा. तिला वाटायचं, तो गंमत करतो. चहा देताना बा आधी हात पुढे करून थांबायचा, कप हातात येईपर्यंत. आई म्हणायची, "राजा झालाय, जागेवर लागतं सगळं." आणि त्यावरही ती हसली होती. ती घरातच होती. रोज होती.

"तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर..." ती म्हणाली.

"तेच," कमलेश म्हणाला. "तेच म्हणतोय मी."

त्याने फोन काढला, मंजुषा मॅडमचा नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. मग सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कमलेश, हे तू मुद्दाम केलंस?"

"हो मॅडम. वाईट व्हावं म्हणून नाही. पण मुद्दाम."

"आणि बाकीचे दाखले?"

"त्यानंतरचे सगळे परत तपासायला लागतील."

"सगळे?" मॅडमच्या आवाजातला सूरच गेला. "अरे, त्यातला एक तर दवाखान्यातल्या पंपाचा आहे." "तुझा ॲक्सेस मी बंद करतेय. आत्ता. पुढचं मला वरती बोलावं लागेल. योगिता आहे ना तिथे? योगिता, सगळ्या चाचण्या पुन्हा लाव. आणि कशालाही हात लावू नकोस. पडतंय ते पडू दे."

फोन बंद झाला. थोड्याच वेळात कमलेशच्या लॅपटॉपवर पासवर्डची चौकट आली. त्याने एकदा पासवर्ड टाकून पाहिला, उगाचच, बंद झालेलं दार पुन्हा लोटून बघावं तसा. मग लॅपटॉप मिटला.

योगिताने चाचण्या लावल्या. त्या आता तासन्‌तास चालणार होत्या. दोघं तीनच्या गाडीने साखरशेताला निघाले. वाटेत कमलेश एकदाच बोलला. "मामाला मी सांगितलेलं नाही, तुला सांगितलं म्हणून."

अंगणात पोश्या खाटेवर बसला होता. शेजारी सुपात नरसिंहाचा मुखवटा वाळत होता, मिशा खरोखरच भारी वळवलेल्या. पावलं ऐकून त्याने मान वळवली, अंगणाच्या जरा भलत्याच कोपऱ्याकडे.

"कोण?"

आज योगिता "कलेक्टर" म्हणाली नाही.

"भाचा दिसतोय. ये रं, मिशा सुकल्या का बघू." पोश्या उठला आणि सवयीच्या पावलांनी पुढे निघाला. योगिताच्या आईने, चैतीने, नागली वाळत घालायला जागा करताना उखळ आज जागचं हलवून अंगणाच्या मधे ठेवलं होतं. कमलेशचा हात पुढे गेला. अर्ध्यावर थांबला. मग त्याने तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

पोश्याची नडगी उखळाला आपटली. तो कलला, गुडघ्यावर आला, दोन्ही हातांनी उखळाचा काठ चाचपत तसाच बसला. चैती ओसरीवरून बघत राहिली, हातातलं सूप हातातच.

बऱ्याच वेळाने पोश्याने तोंड वर केलं.

"आज धरलं नायस रं?"

"नाही मामा," कमलेश म्हणाला. "योगी आलीय. तिला बघू दे."