मुकुटाभोवतीचे टाके

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही बहारीनला, मनामा शहरातल्या अदलिया भागात राहायला आलो. नवऱ्याला बँकेत नोकरी मिळाली होती. मुंबईच्या संग्रहालयात मी जुनी वस्त्रं जपण्याचं काम करायचे, ते मागे सुटलं होतं. शेजारच्या फ्लॅटमध्ये रायगडचं मुसलमान कुटुंब राहायचं. तिथल्या भाभींशी माझं पहिल्याच आठवड्यात जमलं.

त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा एका दुपारी त्या मलमलीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या.

"वहिनी, तुम्ही जुन्या कपड्यांचं काम करायचात ना? ही बघा."

आत लेसची लांबलचक ओढणी होती, सायीच्या रंगाची. भाभींची आजी कोकणातल्या एका संस्थानिकांच्या राजवाड्यात शिवणकाम करायची. राजकन्येनं लग्नात घेतलेली ओढणी नंतर तिला दिली, असं घरात सांगत.

"मग अडचण काय?"

भाभींनी आवाज खाली आणला. "गावातले लोक म्हणायचे, आजीनं चोरली. म्हणून आजीनं घातली नाही, आईनं नाही, मीही नाही. आता मुलगी हटून बसलीय, हीच हवी. खरं काय ते कळेल का हो?"

"कापड सगळंच सांगत नाही," मी म्हटलं, "पण बघू."

फोटो काढले आणि मुंबईला जाणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर संग्रहालयातल्या माझ्या जुन्या मॅडमना पाठवले. त्यांचा फोन आला. "बेल्जियमची दिसते, सत्तरेक वर्षांची. तेव्हा असली लेस मागवणं राजेलोकांनाच परवडायचं. पण दिली की चोरली, ते मी कसं सांगू?"

मग मी खिडकीशी बसून भिंग घेऊन इंच इंच तपासायला लागले. एका कडेला लांब चीर होती, इतकी बेमालूम सांधलेली की आधी दिसलीच नव्हती. चीर जिथे संपत होती तिथे बारीकसा मुकुट भरला होता, राजघराण्याची खूण. त्याचा अर्धा भाग मूळ रेशमाचा होता. उरलेला साध्या शिवणदोऱ्याचा, पण टाक्याला टाका जुळवलेला.

चोरलेल्या वस्तूवरची मालकाची खूण माणूस आधी उसवेल. इथे अर्धी फाटून गेलेली खूण कुणीतरी पुन्हा भरली होती.

लग्नासाठी भाभींची आई व्हिजिट व्हिसावर आली. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी त्यांचं बोट धरून त्या मुकुटावर ठेवलं आणि काय सापडलं ते सांगितलं. त्या चाचपत राहिल्या.

"सासरी निघताना मोटारीच्या दारात अडकून फाटली," त्या म्हणाल्या. "राजकन्या रडायला लागली. आई म्हणाली, मी नीट करून देते. केलीसुद्धा. तर ती म्हणाली, आता ही तुझीच. आई सगळ्यांना हेच सांगायची. मी सोडून कोणी ऐकलं नाही."

"खाला, कोर्टात चालेल असा पुरावा नाही हा."

"कोर्टात कोणाला जायचंय?" त्यांच्या गालांवर पाणी आलं होतं, पण त्या हसत होत्या. "आईचा टाका कोणीतरी एवढा निरखून बघितला, बघ."

लेसला पिना टोचू नयेत म्हणून मी आतून पातळ जाळीचं अस्तर लावून दिलं. लग्नाच्या दिवशी बायकांच्या खोलीत मी मुद्दाम नवरीजवळच बसले, कोणी घाईत ओढलंबिढलं तर म्हणून. गावाकडच्या एका पाहुणीनं ओढणीचं टोक उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ही ती राजवाड्यातली ना गं?"

भाभींनी माझा हात घट्ट धरला. एरवी आमच्याशी इंग्रजीतच बोलणारी नवरी अडखळत, पण स्पष्ट मराठीत म्हणाली, "हो. माझ्या पणजीला भेट मिळाली. आणि फाटलेली तिनंच शिवली. बघा ना, इथे."

पाहुणी चष्मा शोधायला लागली.