जनाबायचं पिंप

टेम्पोत बिअरच्या कारखान्यातला चोथा भरून झाला होता, अजून वाफा निघत होत्या, तेवढ्यात मोबाइल वाजला. "आई गेल्या, सकाळी," माझ्याकडून म्हशींसाठी चोथा घेणाऱ्या जनाबायच्या सूनबाई सुजाताताई एवढंच म्हणाल्या.  मी टेम्पो नवघरला त्यांच्या तबेल्याकडे घेतला. मयताच्या घरी माल घेऊन जाणं बरं दिसेल का, ही धास्ती होतीच... पण ओला चोथा दुसऱ्या दिवशी आंबतो, आणि बायच्या अकरा म्हशींना सुतक नव्हतं.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली. दोन हजार सालानंतर बायकोला घेऊन भाईंदरला आलो आणि चोथा वाहायचं काम मिळालं. बिअर करताना जव गरम पाण्यात मुरवून त्याचा गोडवा काढून घेतात. उरतो तो चोथा. त्यात दारू नसते, ती पुढे तयार होते. पण हे पटणार कुणाला? दूध घ्यायला आलेली शेजारीण हसून विचारायची, "मौसी, आज भैंस टाइट है क्या?" बाय मूठभर चोथा तोंडात टाकून तिच्यासमोर चावायची. "खा, बग. जवाची पेज हाय. झिंगलीस तर मी सोडते तुना घरला."

तेव्हा माझा माल घेणारी बाय एकटीच. तिनं नको म्हटलं असतं तर आम्हाला गावची गाडी धरावी लागली असती. या भीतीपोटीच मी एकदा माती खाल्ली. टेम्पो बंद पडला, चोथा दीड दिवस अडकला आणि आंबला. मी तो तळाला ठेवला, वर ताजा पसरला. बायनं बांगड्या मागे सारल्या, कोपरापर्यंत हात खुपसला, बाहेर काढून हुंगला.

"वरती आजचा, खालती कालचा. मना फसवशील, म्हशीच्या पोटाला कसा फसवशील?"

मी वाकलो. ती म्हणाली, "पाया नको परू. फावरा घे."

आंबलेला माल शेणात मिसळून आम्ही दुधीच्या वेलाला घातला. बाय मात्र विचारात पडली होती. "लोणचं वरीसभर टिकतं, हवा लागत न्हाय म्हणून. मंग ह्यो का न्हाय टिकनार?"

आणि काय दिवस होते ते! निळं प्लास्टिकचं पिंप, चोथ्यात कोरडा कोंडा, थोडं मीठ, थरावर थर मुठींनी दाबायचे, वर प्लास्टिक, त्यावर दगड. पहिलं पिंप बुरशीनं हिरवं निघालं, दुसरंही. तिसऱ्याच्या वेळी बायचे लागोपाठ चार मिस्ड कॉल... मी धावत गेलो तर म्हशीची मान पिंपात आणि बाय शेजारी उभी राहून हसतेय. तीन आठवड्यांचा चोथा, तरी न सडलेला, लोणच्यासारख्या आंबूस-गोड वासाचा. मग कारखाना बंद असला तरी चारा असायचा, जास्त माल निघाला तरी गटारात जायचा नाही. पेणकरपाड्याचे तबेलेवाले शिकायला आले आणि माझ्या एका फेरीच्या तीन झाल्या. आम्ही इथे टिकलो ते त्यामुळे.

बाय जाऊन महिना झाला, आणि गेल्या आठवड्यात सुजाताताईंनी बोलावलं. त्या ऑफिसला जाणाऱ्या, तबेल्यात नाकाला पदर लावणाऱ्या. "भाऊ, म्हशी विकायचं चाललंय. आईंनी भरलेलं एकच पिंप उरलंय, ते उघडा. खराब निघालं तर विषय संपला."

 दगड काढले, प्लास्टिक सोललं. कडेला बोटभर बुरशी होती, ती खरवडली. मध्ये सोनेरी चोथा, घट्ट... आणि त्यावर बायच्या मुठींचे खळगे, ओळीनं, चारही बोटांच्या पेरांसकट. मला चोथा उपसायची पाटी त्यात घालवेना.

सुजाताताई वाकून बघत राहिल्या. पदर कधीच खाली आला होता. मागे म्हशी दावी ओढत होत्या.

"मोडा, भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हशी थांबणार नाहीत. आणि रिकामं झालं की धुऊन ठेवा, पुढचं मला भरायला शिकवा."

मी पाटी खाली घातली.